मास्तरांच्या घरात फडकं झटकत नाहीत

१

पैज खिनेसनं लावली आणि मूर्खासारखी मी घेतली.

"मास्तरांच्या वळूसमोर फडकं धरून दाखव," तो म्हणाला. "नुसतं धरायचं नाही हं. खेळवायचं. तुझा दादा खेळवतो तसं. केलंस तर जत्राभर माझी सायकल तुझी."

"आणि नाही केलं तर?"

"तर गावभर सांगणार. कासिल्दा म्हणजे तोंड वाघाचं, काळीज शेळीचं."

आता सायकल नसती तरी मी हो म्हटलंच असतं. माझं डोकं तसंच आहे. ननबायकांनी मला शाळेतून काढलं ते चर्चच्या पवित्र पाण्यात बेडूक सोडला म्हणून. बेडूक माझा नव्हता, खिनेसचा होता, पण ते कुणी विचारलंच नाही. तेव्हापासून मी त्रान्सितो मावशीच्या हाताखाली एवारिस्तो मास्तरांच्या घरी काम करते. मावशी स्वयंपाक बघते, मी बाकीचं सगळं बिघडवते.

मास्तर म्हणजे वळूंचे चित्रकार. सेव्हिलपासून आमच्या आल्मार्गापर्यंत दारूचं एक दुकान दाखवा जिथे त्यांचं पोस्टर नाही. बाकीचे चित्रकार वळूशी झुंजणारा मॅटाडोर हा एवढा मोठा काढतात आणि वळू मागे कुठेतरी गोगलगायीएवढा. मास्तरांचं उलटं. त्यांच्या चित्रात माणूस नसतोच. नुसता वळू असतो, मान खाली, नजर एका बाजूला, जिथे फडकं असायला पाहिजे तिथे. फडकंसुद्धा काढलेलं नसतं. तरी बघणाऱ्याला दिसतं. दारू न पिताच दिसतं.

दर जत्रेच्या आधी मास्तर गुरांच्या मुकादमाबरोबर, म्हणजे बास्तियान काकांबरोबर, कुरणावर जातात. गाडीत बसून एकच वळू निवडतात, बघबघ बघतात, आणि घरी येऊन खऱ्याएवढा रंगवतात. त्यावरून पोस्टर छापतात. ह्या वर्षीच्या वळूचं नाव सेरेनो.

आणि त्या घरात एक नियम. चित्राच्या खोलीत फडकं झटकायचं नाही. धूळ पुसायची ती ओलं फडकं दाबून, आणि फडकं झटकायचं ते गच्चीवर नेऊन. चादर उलगडायची नाही, टॉवेल उडवायचा नाही. मावशी स्वतःचा एप्रनसुद्धा दाराबाहेर काढून ठेवते.

"का पण?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"मास्तर सांगतात म्हणून. शुक्रवारी मांस खायचं नाही, तेव्हा का म्हणून विचारतेस का?"

"विचारते की."

"म्हणून तर शाळेतून काढलं तुला."

२

एक गोष्ट सांगायची राहिली. मी वळू आहे.

म्हणजे रोज सकाळी, गावाबाहेरच्या खळ्यावर, माझा दादा फेर्मीन सराव करतो तेव्हा मीच त्याचा वळू होते. खरी शिंगं आहेत, खाटकाकडून आणलेली. ती दोन्ही हातांत धरायची, कमरेत वाकायचं, नाक फुरफुरवायचं आणि लाल फडक्यावर धावून जायचं. दादा काठीवरचं फडकं हळूहळू ओढत नेतो आणि मी त्याच्या मागे. लहानपणापासून करते. गावातल्या कुठल्याही वळूपेक्षा मला जास्त सवय आहे.

दादा एकाच गोष्टीवरून ओरडतो. "फडक्याकडे बघ, कार्टे! माझ्याकडे नको!"

कारण सगळा खेळ तेवढ्यावरच आहे. कुरणातल्या वळूनं माणूस बघितलेला असतो तो घोड्यावर. पायी माणूस आणि हलणारं फडकं तो रिंगणात पहिल्यांदा बघतो. त्याला वाटतं, शत्रू म्हणजे हे लाल हलतंय ते. हे कळेपर्यंत त्याचा खेळ संपतो. पण एकदा फडकं बघितलेला वळू दुसऱ्यांदा आणला, तर तो फडक्याला फसत नाही. तो मागचा माणूस शोधतो. म्हणून आमच्याकडे चोरी केली तर माणूस तुरुंगात जाऊन परत येतो, पण चोरून कुरणात शिरून वळूला फडकं दाखवलं, तर त्याच्याशी पुन्हा कुणी बोलत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. पण मी म्हटलं, चित्राला काय होतंय? चित्र म्हणजे कापड आणि तेल.

दुपारी जेवणं झाली की आमचं गाव मरतं. खिडक्यांच्या झडपा बंद, कुत्री सावलीत, चौकातलं कारंजं तेवढं एकटंच बोलत असतं. मावशी स्वयंपाकघरात खुर्चीतच झोपली. मास्तर चित्राच्या खोलीशेजारी झोपतात, मधलं दार अर्धवट असतं. त्यांचं घोरणं ऐकू येत होतं, सावकाश, करवतीसारखं.

मी दादाचं फडकं एप्रनखाली गुंडाळून आणलं होतं. खिनेस दारात उभा राहिला. आत यायची त्याची हिंमत नव्हती. सायकलवाला शूर.

झडपांच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या पडल्या होत्या. खोलीत टर्पेंटाइनचा वास. मातीच्या सुरईला घाम आलेला. आणि समोरच्या भिंतीला टेकून सेरेनो उभा. काळा, खांद्यापाशी थोडा तांबूस. नजर खाली, डाव्या बाजूला.

मी फडकं उलगडलं. दादा उभा राहतो तशी उभी राहिले, डावा पाय जरा पुढे, हनुवटी छातीत, पोट आत. दादाची नक्कल मी इतकी झकास करते की एकदा आई फसली होती. मग जीभ टाळ्यावर वाजवली, दादा वाजवतो तशी, आणि फडकं हलवलं. एक खेप. वळून दुसरी. तिसरी गुडघ्यावर बसून.

खिनेस तोंडावर हात ठेवून हसत होता आणि मी आणखी चेकाळले. चित्राजवळची एक फरशी सुटी आहे, पाय पडला की टक् वाजते. माझ्या नाचात ती दोनदा वाजली. मग मी सेरेनोला पाठ दाखवली, मोठे मॅटाडोर दाखवतात तशी, आणि दारापर्यंत ऐटीत चालत आले. त्या वेळी ती फरशी परत वाजली.

मी दारात होते. फरशी चित्रापाशी होती.

"बघितलंस?" मी खिनेसला म्हटलं.

"काय बघायचं? जिंकलीस," तो म्हणाला. "चल लवकर."

फरशा उन्हानं तापतात, सरकतात. सगळ्यांच्या घरी वाजतात.

३

दुसऱ्या दिवशी मी सायकलवरून पाव घेऊन गेले तर मास्तर चित्रासमोर उभे. एक पाय त्यांचा ताठच असतो, त्यामुळे ते काठी टेकून उभे राहतात. हातात ब्रश नव्हता. रंग कालवलेले नव्हते.

"त्रान्सितो," त्यांनी मावशीला हाक मारली, न वळता. "इथे फडकं झटकलं का कुणी?"

"देवाशपथ नाही, मास्तर."

"पोरी, तू?"

"मी?" मी म्हटलं. "मी तर धूळच पुसत नाही. मावशीला विचारा."

मावशी म्हणाली, "ते मात्र खरं आहे."

मास्तर हसले नाहीत. रागावलेही नाहीत. नुसते "बरं" म्हणाले आणि गच्चीवर जाऊन बसले.

मी सुरई भरायच्या निमित्तानं चित्राजवळ गेले. आता बघा, मी त्या चित्राकडे रोज बघत होते. वळूच्या डोळ्यात मास्तर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देतात, उजेडाचा. तेवढ्यानं डोळा जिवंत होतो आणि कुठे बघतोय ते कळतं. कालपर्यंत तो ठिपका खालच्या पापणीला चिकटलेला होता. आता तो पापणीपासून सुटला होता. गव्हाच्या दाण्याएवढा वर.

मास्तरांनीच बदलला असेल, मी म्हटलं. मी बोट लावलं. ठिपका कडक वाळलेला होता. तेलाचा रंग वाळायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, माझे दोन झगे त्यातच गेलेत. पण मग ऊन कडक असेल, लवकर वाळला असेल. किंवा आधीपासून तिथेच असेल, मीच वेंधळी. मी स्वतःला हे पटवत खोलीतून बाहेर पडले ते उलट्या पावलांनी. असं मी फक्त चर्चमध्ये करते, तेही ननबाई बघत असल्या तर.

४

ह्या जत्रेत सेरेनो रिंगणात उतरणार होता, आणि त्या दिवशी उतरणाऱ्या तिघांत माझा दादा होता. मोठ्या वळूंसमोर पहिल्यांदाच, आणि तेही आपल्या गावात. आईनं भाड्यानं आणलेला पोशाख आधीच आवळून त्याच्या मापाचा करून ठेवला होता. भिंतीवर पोस्टरं लागली होती. खाली तिसरं नाव फेर्मीनचं, बारीक अक्षरात, आणि वर सेरेनो. छापलेल्या सेरेनोची नजर खाली होती. तिथे सगळं ठीक होतं.

म्हणून मी परत गेले. नुसतं बघायला की काही नाहीये. दादाचं फडकं का नेलं? कारण त्याशिवाय कसं कळणार?

दुपारच होती. शेजारच्या खोलीतून मास्तरांचा श्वास येत होता. आज घोरणं नव्हतं, नुसता श्वास, जड आणि सावकाश. खिनेस नव्हता, कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी अलीकडच्या भिंतीपाशीच थांबले आणि काठी लांब धरून फडकं अंगापासून जितकं दूर नेता येईल तितकं नेलं. उजवीकडे. हलवलं. सेरेनोकडे बघितलं. मग डावीकडे नेलं.

आता मी कसं सांगू. चित्र हललं नाही. मी शपथेवर सांगते, हललं नाही. पण खळ्यावर मी वळू होते तेव्हा मला एक गोष्ट माहीत असते. फडक्याकडे बघत असताना दादाचे पाय मला कडेनं धूसर दिसतात, आणि बघायचं ठरवलं तर तेच स्पष्ट होतात आणि फडकं धूसर होतं. तसं काहीतरी त्या खोलीत झालं. फडकं मी कुठेही नेलं, तरी ते कुणाच्याच लक्षात नव्हतं. मी होते.

फरशी वाजली. टक्.

मी फडकं खाली केलं आणि म्हटलं, जाऊ दे, मास्तर उठतील. श्वास तर आता जवळून येत होता, ते जागे झाले असणार. मी मधल्या दारातून डोकावले. खाट रिकामी होती. चादर सकाळी मीच घातली होती तशी, एक सुरकुती नव्हती.

मी जिन्यावरून धावत खाली आले तर मास्तर बाहेरून येत होते. डोक्यावर टोपी, बुटांवर कुरणाची लाल माती. बास्तियान काकांची गाडी दाराशी उभी होती.

"झोपला नव्हता तुम्ही?" मी विचारलं.

"सेरेनोला बघायला गेलो होतो," ते म्हणाले. माझ्या काखेतल्या गुंडाळीकडे त्यांनी बघितलं, आणि मग दुसरीकडे बघितलं. "आज सकाळपासून तो कळपात मिसळत नाही. कुंपणाशी उभा राहतो. गावाकडे तोंड करून."

५

संध्याकाळी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. खाली जत्रेचे दिवे बांधत होते. मास्तर ऑलिव्ह खात होते आणि बिया एकेक करून कुंडीत टाकत होते.

"बस, पोरी."

मी बसले. पळायला सोपं जाईल अशी, कडेला.

"मी चित्रकार व्हायचा नव्हतो," ते म्हणाले. "माहितीये ना तुला?"

"पायाचं माहितीये. वळूनं मारलं."

"तुझ्या दादाच्या वयाचा होतो. इथलंच रिंगण. वळू बाहेर आला, मी फडकं पुढे केलं. त्यानं फडक्याकडे बघितलंच नाही. सरळ माझ्याकडे आला, जशी आमची आधीची ओळख होती." त्यांनी आणखी एक बी टाकली. "नंतर कळलं, गावातल्या कुण्या पोरानं त्याला कुरणात फडकं दाखवलं होतं. मजा म्हणून."

"कोण होता?"

"अजून माहीत नाही. सकाळी कोंडवाड्यापाशी कुठला वळू कुणाला ह्याच्या चिठ्ठ्या काढतात, तेव्हा तोही गर्दीत असणार. एक शब्द बोलला असता तर वळू बदलला असता. नाही बोलला." मास्तरांचा आवाज इतका साधा होता की ते भाजीचा भाव सांगताहेत असं वाटावं. "मी अजून न्हाव्याकडे बसतो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यांचे चेहरे बघतो. ह्यातला कुठला असेल?"

मी कुंडीतल्या बिया मोजल्या.

"मास्तर, तुम्ही डोळा परत रंगवलात का? सेरेनोचा?"

"मी डोळा एकदाच करतो. पहिल्याच दिवशी."

खाली कुणीतरी दिव्यांची माळ पाडली आणि शिव्या दिल्या. मास्तरांनी ते ऐकून घेतलं.

"तुला काही सांगायचंय का?"

आता तुम्हीच सांगा, काय सांगणार होते मी? चित्राला फडकं दाखवलं, आता खरा वळू बदला? गावातली मीच ती, जिनं पाद्रीबाबा मेले म्हणून घंटा वाजवली होती, आणि पाद्रीबाबा स्वतः चड्डीवर बाहेर आले होते कोण मेलं बघायला. माझं कोण ऐकणार? आणि ऐकलंच तर दादाचं काय? पहिल्या संधीला बहिणीनं खोडा घातला म्हणून लोक त्याला जन्मभर हसणार.

"नाही, मास्तर," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. कुणीतरी त्यांच्या मनासारखं उत्तर द्यावं तसं नाही. ते उत्तर त्यांनी आधी पण ऐकलं असावं तसं.

६

जत्रेच्या दिवशी सकाळी दादानं मला खळ्यावर नेलं. "शेवटचा सराव. अंग मोकळं करू. चल माझ्या सेरेनो."

"मी सेरेनो नाही."

"कुठला तरी हो बाई."

मी शिंगं धरली, वाकले. दादानं फडकं पुढे केलं, डावा पाय जरा पुढे, हनुवटी छातीत. जीभ टाळ्यावर वाजवली. मी धावले.

फडकं मला दिसलं नाही.

म्हणजे लाल काहीतरी होतं, कडेनं, धूसर. समोर दादाची मांडी होती, अगदी स्पष्ट. पँटचा उसवलेला टाका दिसत होता. मला थांबायचं होतं आणि मी थांबले नाही. उजवं शिंग त्याच्या डाव्या मांडीवर आदळलं.

"आई गं! कार्टे!" तो एका पायावर नाचला. "फडक्याकडे! किती वर्षं सांगतोय?"

"चुकून."

"आजच बरी चूक सुचली तुला." मग माझं तोंड बघून हसला, माझे केस विस्कटले. "अगं, एवढं काय? तू खरी वळू असतीस तर मी मेलो असतो. नाहीयेस. परत."

मी परत धावले. डोळे मिटून. तेव्हा कुठे नीट झालं.

दादाला घरी पाठवून मी मास्तरांकडे गेले. चित्राची खोली बाहेरून बंद होती. त्या खोलीला कधी कडी घातलेली मी बघितली नव्हती. मावशी स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, नेहमीपेक्षा जास्त.

"मास्तर कुठायत?"

"झोपलेत म्हणे. सांगितलंय, आत जायचं नाही, मी पण नाही." ती खाली बघून चिरत राहिली. "सकाळी मी दारापाशी केर काढत होते. कासिल्दा, तुझं काही मांजरबिंजर नाही ना आत?"

"नाही."

"मोठं काही?"

मी परत जाऊन कडीला हात लावला. दाराच्या पलीकडून काहीतरी त्याच उंचीवर टेकलं, दार जरासं माझ्याकडे फुगलं आणि परत जागेवर गेलं. वारा असेल. झडपा उघड्या राहिल्या असतील.

गच्चीवरच्या दोरीवर वाळत टाकलेला टॉवेल हलत नव्हता.

७

दुपारच्या आधी रिंगणामागच्या कोंडवाड्यापाशी चिठ्ठ्या काढतात. मोठे मॅटाडोर स्वतः येत नाहीत, त्यांची माणसं येतात. आमच्याकडे माणसं कुठली? दादा स्वतः आला होता, धुतलेला शर्ट घालून. मी त्याच्याबरोबर, आणि खिनेस माझ्या मागे.

वरच्या सज्ज्यातून खाली सहा वळू दिसतात, माणशी दोन. तिथे बोलायचं नाही, हात हलवायचे नाहीत, वळूंचं लक्ष वेधायचं नाही. बास्तियान काकांनी सिगारेटच्या कागदाच्या चिठ्ठ्या, एकेकीवर दोन वळूंची नावं, गोळा करून आपल्या टोपीत टाकल्या, वरून दुसरी टोपी झाकली. एकेकाचा हात आत गेला. दादानं शेवटी काढली. उलगडली.

"सेरेनो," तो म्हणाला. "पोस्टरवाला." त्याचा चेहरा उजळला होता. पोस्टरवरचा वळू आपल्याच वाट्याला यावा, हे कुणालाही आवडतं.

तेवढ्यात नगरपालिकेचे एक जाडे साहेब मान पुसत होते, त्यांच्या हातातून रुमाल निसटला. पांढरा, मोठा. गिरक्या घेत खाली पडला.

पाच वळूंच्या माना गर्रकन त्या रुमालाकडे वळल्या. एक तर धावून गेला आणि शिंगानं धुळीत रगडू लागला.

सेरेनो हलला नाही. त्यानं रुमाल जिथून सुटला त्या हाताकडे बघितलं. हातावरून साहेबांच्या तोंडाकडे. ते नको होतं त्याला. मग सज्ज्यावरून एकेक माणूस बघत आला, सावकाश, बाजारात कुणीतरी ओळखीचं शोधावं तसा. माझ्यापाशी थांबला. त्याच्या डोळ्यात उन्हाचा एक पांढरा ठिपका होता, पापणीपासून सुटलेला, बरोबर मध्यावर. मग त्यानं मला सोडलं आणि शेजारी दादाकडे बघितलं. तोंडाकडे नाही. डाव्या मांडीकडे.

दादाचा हात नकळत मांडीवर गेला.

 बास्तियान काकांनी टोपी छातीशी धरली होती.

"ह्याला कुणी फडकं दाखवलंय," ते म्हणाले.

"शक्यच नाही," गुरांचे डॉक्टर म्हणाले. "तुझं कुरण, तुझी माणसं. आणि नुसत्या शंकेवर वळू बदलता येत नाही, बास्तियान. कुणी बघितलंय? कुणी कबूल करतंय?"

काकांनी सगळ्यांकडे बघितलं. "बोला. कुणी असेल तर आत्ताच बोला."

 कुरणावरची पोरं जमिनीकडे बघत होती. खरंच त्यांचा काही दोष नव्हता.

"राहू द्या, काका," दादा म्हणाला. हसायचा प्रयत्न करत होता. "चिठ्ठी निघाली ती निघाली. आता बदलला तर म्हणतील फेर्मीन भ्याला. मी खेळवतो ह्याला."

डॉक्टर खिशातून पेन काढत होते. खाली सेरेनो तसाच उभा होता, शांत, त्याला काही घाई नव्हती. मला एकदम वाटलं, गर्दीतला तो दुसरा पोरगापण असाच उभा राहिला असेल. रेलिंगला धरून.  आणि नंतर घरी जाऊन जेवला असेल.

खिनेसनं मागून माझा दंड चिमटला. "गप्प बस," तो कानात म्हणाला. "कासिल्दा, गप्प बस, सायकल तूच ठेव."

"मी दाखवलं," मी म्हटलं.

कुणीतरी हसलं. "पाद्री मेल्याची घंटा हिनंच वाजवलेली ना?"

"हो, ती पण मीच. आणि हे पण मीच." माझा आवाज चिरकत होता, पण थांबत नव्हता. "सेरेनोला फडकं मी दाखवलं. दोनदा. त्याला माणूस माहितीये."

दादा माझ्याकडे बघत राहिला. "तू कुरणात कधी गेलीस? तुला तर गायीचीपण भीती वाटते."

बास्तियान काका माझ्याजवळ आले, वाकले, आणि इतक्या हळू बोलले की फक्त मला आणि दादाला ऐकू यावं.

"कुरणात, पोरी? का मास्तरांकडे?"

ते हसत नव्हते.

"मास्तरांकडे," मी म्हटलं.

काकांनी डोळे मिटले, उघडले. मग सरळ उभे राहून डॉक्टरांना मोठ्यानं म्हणाले, "कुरणात दाखवलंय. माझं लक्ष नव्हतं, दोष माझा. लिहा तसं. आणि राखीव वळू काढा."

सगळीकडे एकच गलका झाला. जाडे साहेब ओरडायला लागले, डॉक्टर लिहायला लागले, कुणीतरी माझ्या नावानं थुंकलं. त्या सगळ्या गोंधळात दादानं माझं मनगट धरलं. रागानं नाही. 

"कासिल्दा," तो म्हणाला, "फडकं कुणाचं होतं?"

खाली बघायची मला गरज नव्हती. सेरेनो कुठे बघतोय ते मला माहीत होतं.

"तुझं, दादा," मी म्हटलं. "आणि उभी पण मी तुझ्यासारखीच राहिले होते."